पावसाळाभर बंद राहणारी गाडी: निघण्याआधी काय करायचं, परत आल्यावर काय बघायचं

मे महिन्यात मुलीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला जायचं आणि दिवाळीच्या तोंडावर परत यायचं, हा पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांचा आता ठरलेला क्रम आहे. नातवंडांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात आणि तिकडची थंडीही टळते. दुसरीकडे, मे महिन्याची सुट्टी संपली की गाडी गावच्या घरीच ठेवून मुंबईला परतणारे चाकरमानी. दोघांचीही गाडी नेमकी पावसाळ्यात उभी राहते. थंड देशांत हिवाळ्यासाठी गाडी कशी ठेवावी यावर भरपूर लिहिलेलं सापडतं, पण त्यातली निम्मी काळजी गोठण्याची असते. आपल्याकडे प्रश्न ओलीचा. उभ्या गाडीचं बहुतेक नुकसान ओल करते. उरलेलं काम उंदीर आणि उतरलेली बॅटरी वाटून घेतात.

म्हणून खालचं सगळं दोन गोष्टींभोवती फिरतं: गाडी कोरडी करून मगच बंद करायची आणि एकदा बंद केली की उगाच चाळे करायचे नाहीत. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन सुरू करून ठेवण्याचा जो सल्ला सोसायटीतला प्रत्येक जण देतो, तो मला अजिबात पटत नाही. का, ते बॅटरीच्या भागात सांगतो.

आधी जागा ठरवा

बाकी सगळी तयारी चोख केली आणि गाडी चुकीच्या जागी लावली तर काही उपयोग नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळघरातल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आणि जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंग पाण्याखाली गेलं. तेव्हा पहिला प्रश्न सोसायटीच्या जुन्या वॉचमनला विचारायचा: मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं? त्याचं उत्तर बिल्डरच्या माहितीपत्रकापेक्षा भरवशाचं असतं.

यांत्रिक पार्किंगमध्ये तुमची जागा खड्ड्यातल्या खालच्या मजल्यावर असेल तर चार महिन्यांपुरती वरच्या मजल्यावरच्या कुणाशी तरी अदलाबदल करून घ्या. पंप बंद पडला किंवा वीज गेली की पाणी आधी त्या खड्ड्यात जमतं, आणि वीज नसली की गाडी वर घेताही येत नाही. तळघर असेल तर उताराच्या तोंडापासून आणि नाल्याच्या जाळीपासून लांबची जागा बघा.

उघड्यावरच लावायची वेळ आली तर झाडाखाली नको. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष दोघांच्याही फांद्या पहिल्या वादळी पावसात येतात. गावाकडे माडाखाली तर नकोच नको, नारळ नाही पडला तरी झावळ पुरेशी असते. रस्त्याच्या कडेला कव्हर घालून महिनोन्महिने गाडी ठेवणंही टाळा, कारण अशी गाडी पालिकेला बेवारस वाटू शकते, आणि काचेवर चिकटवलेली नोटीस वाचायला तुम्ही इथे नसता.

गावच्या घरी पडवीत किंवा मांगरात लावणार असाल तर तीन गोष्टी बघा. पागोळ्या गाडीवर किंवा चाकांजवळ पडत नाहीत ना? झड कुठल्या बाजूने आत येते? आणि जमीन कशी आहे? सारवलेली किंवा नुसती मातीची जमीन असेल तर पावसाळाभर ती खालून ओल सोडत राहते. गाडीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, गाडीच्या चारही बाजूंनी हातभर बाहेर येईल एवढा. ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर, चॅसिस या सगळ्याला त्याचा फायदा होतो. गाडी खाली कुठे गळते आहे का, हेही परत आल्यावर त्याच कागदावर दिसतं.

शेवटचा आठवडा: धुवा, वाळवा, भरा

गाडी धुण्याचं काम निघायच्या आदल्या दिवशी ठेवू नका. चार-पाच दिवस आधी करा, म्हणजे वाळायला वेळ मिळतो. वरून चकाचक करण्यापेक्षा खालून धुणं जास्त महत्त्वाचं. चाकांच्या कमानीत अडकलेला लाल मातीचा थर ओल धरून ठेवतो, आणि समुद्रकाठच्या गाडीवर मिठाचा थरही असतो. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी वर उचलून धुवून घ्या. गाडी कोकणात राहणार असेल आणि खालून गंजरोधक लेप दिलेला नसेल, तर तोही याच वेळी द्या. पक्ष्यांची घाण, आंब्याचा चीक, जांभळाचे डाग नखाने न खरवडता ओल्या फडक्याने भिजवून काढा आणि शेवटी पॉलिश किंवा व्हॅक्सचा एक हात द्या.

आता बॉनेट उघडा. पुढच्या काचेखाली, वायपर जिथून निघतात तिथे काळी प्लॅस्टिकची जाळी असते. तिच्याखाली एक पन्हाळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी जायला भोकं असतात. झाडाखाली लावल्या जाणाऱ्या गाडीत या भोकांवर हमखास सुकलेली पानं, मोहोर आणि मातीचा लगदा बसलेला असतो. बोटाने किंवा जुन्या टूथब्रशने तो काढा आणि वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी चाकामागून खाली पडताना दिसलं तर रस्ता मोकळा आहे. तुंबलेलं असेल तर तेच पाणी एसीच्या हवेच्या वाटेने डॅशबोर्डखाली उतरतं आणि पुढच्या गालिच्याखाली साचतं. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांत अशीच भोकं असतात, तीही बघा. दारांच्या खालच्या कडेलाही बारीक खाचा असतात. त्यात माती बसली तर दार आतून गंजतं.

इंजिन ऑइल बदलायला आलं असेल तर परतल्यावर न बदलता जाण्याआधी बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि पाण्याचा अंश असतो, आणि तेच ऑइल पाच-सहा महिने इंजिनच्या आतल्या भागांवर बसून राहणार असतं. कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी बघून घ्या.

पेट्रोलची टाकी भरून ठेवा. पंपावर नोझल आपोआप बंद होतो तिथे थांबा, काठोकाठ ओतायला लावू नका. रिकाम्या टाकीत हवा जास्त, हवेबरोबर दमटपणा जास्त. आता पंपांवर जे ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून हा मुद्दा पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. पाणी जास्त झालं तर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि इंधनपंप नेमका तळातूनच ओढतो. तीन महिन्यांहून जास्त काळासाठी इंधन टिकवणारं स्टॅबिलायझर मिळतं. घालायचं असेल तर ते टाकीत ओतून मग पाच-दहा किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. डिझेल गाडीत फिल्टरखाली साठलेलं पाणी काढून घ्यायला मेकॅनिकला सांगा. सीएनजी असेल तर गाडी पेट्रोलवर घेऊन मग बंद करा आणि सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, तुम्ही नसताना संपत असेल तर आधीच करून घ्या, नाहीतर परतल्यावर पंपावर गॅस नाकारतील.

बॅटरी

लॉक करून उभी केलेली गाडीही पूर्ण झोपत नाही. अलार्म, चोरी रोखणारा इमोबिलायझर, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, घड्याळ हे सगळं मिळून साधारण 20 ते 50 मिलिअँपिअर वीज सतत खातं. मधला 30 चा आकडा घेऊ. दिवसाला 0.72 अँपिअर-अवर झाले. वॅगनआर, स्विफ्ट या वर्गातल्या गाड्यांची बॅटरी साधारण 35 अँपिअर-अवरची असते. म्हणजे 24 दिवसांत निम्मी बॅटरी संपली, आणि दीड महिन्याच्या आसपास ती पूर्ण उतरली. नंतरून बसवलेला जीपीएस किंवा डॅशकॅम असेल तर त्याहून लवकर. उतरलेल्या अवस्थेत दोन-तीन महिने पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज केली तरी पूर्वीसारखी राहत नाही, कारण आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर चढतो.

उपाय फुकटचा आहे. 10 नंबरचा पाना घ्या आणि वजा टोकाची तार काढून बाजूला फडक्यात गुंडाळून ठेवा. आधी वजा, अधिक कधीच आधी नाही. अधिकचा नट फिरवताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला आणि वजाची तार जोडलेली असेल, तर ठिणगी उडून पाना हातात तापतो. परत जोडताना उलटा क्रम: आधी अधिक, मग वजा. बहुतेक वेळा नुसती वजाची तार काढणं पुरतं.

तार काढण्याआधी काही गोष्टी लक्षात घ्या. सगळ्या काचा वर करून घ्या, कारण नंतर त्या हलणार नाहीत. डिकी विजेच्या बटणावर उघडत असेल तर स्टेपनी, जॅक असं जे लागणार ते आधी बाहेर काढा. रिमोट चालणार नाही, म्हणून दार किल्लीने लावायची सवय करा. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या स्मार्ट किल्लीच्या पोटात एक लोखंडी किल्ली लपलेली असते, ती ड्रायव्हरच्या दारात बसते का हे आजच तपासा. जुन्या स्टिरिओला कोड लागत असेल तर तो शोधून ठेवा. घड्याळ आणि काचांचं आपोआप वर-खाली होणं नंतर पुन्हा लावावं लागतं, पण ते किरकोळ.

सहा महिन्यांहून जास्त जाणार असाल तर बॅटरी काढून घरात ठेवा आणि दोनेक महिन्यांनी कुणाकडून तरी चार्ज करून घ्या. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, ही समजूत जुन्या रबरी खोक्यांच्या काळातली आहे. आजच्या प्लॅस्टिक खोक्याला फरशीने काही होत नाही. गॅरेजमध्ये वीज असेल तर सतत जोडून ठेवायचे स्वयंचलित चार्जरही मिळतात. पण कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते-येते आणि कुठे कडाडते हे माहीत असणाऱ्याने तार काढलेलीच बरी.

आता त्या पाच मिनिटांच्या प्रकरणाबद्दल. इंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीतून भरपूर वीज ओढतो. ती पाच मिनिटांच्या संथ फिरण्याने भरून निघत नाही, म्हणून दर आठवड्याला बॅटरी थोडी थोडी खालीच जाते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापले नाहीत तर ती वाफ आतच थंड होऊन पाणी बनते, सायलेन्सर आतून गंजतो आणि ऑइलमध्ये पाणी मिसळतं. नव्या बीएस-6 डिझेल गाड्यांमध्ये तर अशा थंड, छोट्या फेऱ्यांनी काजळीचा फिल्टर तुंबतो. एकतर महिन्यातून एकदा कुणीतरी गाडी बाहेर काढून 15-20 किलोमीटर नीट चालवावी, एसीही लावावा, नाहीतर गाडीला हात लावू नये. मधला मार्ग सगळ्यांत वाईट.

हँडब्रेक सोडून ठेवा

पावसाळ्यानंतर गॅरेजवाल्यांना हमखास येणारं काम म्हणजे मागची चाकं जाम. हँडब्रेक ओढला की मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, घट्ट दाबले जातात. चार महिने दमट हवेत ड्रमचा आतला पत्रा गंजतो आणि लायनर त्या गंजालाच चिकटतो. मग गाडी गिअरमध्ये टाकून रेस केली की पुढची चाकं फिरतात आणि मागची फरफटत येतात. जोर केला तर लायनरचा थर पट्टीपासून सुटून येतो.

म्हणून सपाट जागी लावा, हँडब्रेक पूर्ण खाली ठेवा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि निदान दोन चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा विटा लावा. ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, पण ठोकळे तरीही हवेत. विजेवर चालणारा हँडब्रेक काही गाड्यांत इंजिन बंद करताच आपोआप लागतो. तो लागू न देण्याची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते, आणि ती बॅटरीची तार काढण्याआधी करावी लागते. गाडी शेवटची लावण्याआधी पाच-सहा किलोमीटर फिरवून मधूनमधून ब्रेक दाबा, म्हणजे धुताना डिस्क आणि ड्रममध्ये गेलेलं पाणी उडून जातं.

टायरमध्ये कंपनीने सांगितलेल्यापेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त भरा. 32 असेल तर 36-37. टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्याच्या वर मात्र जाऊ नका. चार महिन्यांत हवा थोडी उतरणारच, आणि एकाच जागी वजन पडून टायर खालून चपटा होतो. जास्त हवेने ते कमी होतं. शक्य असेल तर कुणाला तरी महिन्यातून एकदा गाडी हातभर पुढे ढकलायला सांगा. गाडी जॅकवर उचलून ठेवायच्या फंदात घरी पडू नका.

आतली बुरशी

सप्टेंबरमध्ये दार उघडल्यावर स्टिअरिंगवर, बेल्टवर, सीटच्या शिवणीत पांढरट-हिरवी लव दिसते, ती बुरशी बाहेरून आलेल्या पाण्याने क्वचितच येते. बहुतेकदा ओल गाडी बंद करतानाच आत असते. शेवटच्या दिवशी ओल्या पायपुसण्यांसकट दार लावलं की पुढचं काम आपोआप होतं.

सगळे मॅट बाहेर काढून घरात ठेवा. खालच्या गालिच्याला तळहात दाबून बघा, गार आणि ओलसर लागला तर ऊन दाखवा. सीटखालून बिस्किटांचा चुरा, शेंगदाणे, देवळातल्या प्रसादाची पुडी, जे असेल ते व्हॅक्यूमने काढा, कारण बुरशीला आणि उंदराला दोघांनाही ते चालतं. शेवटच्या फेरीत घराच्या पाच-दहा मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा जोरात ठेवा. एसीच्या आतल्या जाळीवर जमलेलं पाणी त्याने वाळतं आणि परत आल्यावर कुबट वास येत नाही. ती एक खोड कायमची लावून घेतली तरी चालेल.

ओल शोषायला कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे किराणा दुकानातही मिळतात. एका मध्यम गाडीला दोन-तीन पुरतात. त्यांत शोषलेलं पाणी साठतं आणि ते खारट पाणी सांडलं तर पत्रा खातं, म्हणून डबे सीटवर न ठेवता खाली, कडा असलेल्या ताटलीत ठेवा आणि महिन्याभराने कुणीतरी बदलतील अशी सोय करा. सोय होणार नसेल तर सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या बऱ्या, त्या सांडत नाहीत. गाडी बंद, कोरड्या गॅरेजमध्ये असेल तर काच बोटभर उघडी ठेवायला हरकत नाही. पडवीत किंवा उघड्यावर असेल तर सगळ्या काचा घट्ट बंद.

उंदीर आणि घुशी

पहिल्या मोठ्या पावसात बिळांत पाणी शिरलं की उंदीर कोरडी, उबदार, बंद जागा शोधत निघतात. उभ्या गाडीचं बॉनेट म्हणजे त्यांना बांधून दिलेलं घर. आधी शिरतात ते एअर फिल्टरच्या डब्यात. हवा आत घेणारी नळी पुढे उघडी असते, तिच्यातून आत जाऊन फिल्टरचाच कागद कुरतडून त्याची गादी करतात. मग वायरिंग. एक जाडी वेणी कुरतडली तरी खर्च हजारोंत जातो, कारण पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, बदलावा लागतो.

ज्या उपायाने खरंच फरक पडतो तो आहे जाळी. पाव इंची भोकांची लोखंडी जाळी कापून हवेच्या नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळा. बंद गॅरेजमध्ये गाडी असेल तर बॉनेट उघडंच ठेवा, उजेड आणि हवा असलेल्या जागी उंदीर सहसा घर करत नाहीत. टॅक्सीवाले रात्री तेच करतात. फडक्यात बांधलेली तंबाखूची पानं किंवा डांबराच्या गोळ्या वास आहे तोवर काम करतात, म्हणजे तीन-चार आठवडे. त्या काचेखालच्या जाळीजवळ ठेवू नका, तोच वास एसीतून आत येतो. आवाजाने उंदीर पळवणाऱ्या यंत्रांवर माझा विश्वास नाही. आणि विष तर गाडीत कधीच ठेवू नये. विष खाल्लेला उंदीर एसीच्या नळीत जाऊन मेला की डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

जवळपास कचऱ्याचा डबा, धान्याची पोती, कोंबड्यांचं खुराडं असेल तर गाडी तिथून हलवणं हाच उपाय. गावाकडे आणखी एक लक्षात ठेवा: जिथे उंदीर, तिथे त्यांच्या मागावर साप. परत आल्यावर बॉनेटमध्ये थेट हात घालू नका.

कव्हर

ताडपत्री वापरू नका. वरून पाणी अडतं, पण जमिनीतून येणारी वाफ आतच कोंडते आणि गाडी पावसाळाभर घामाघूम राहते. शिवाय वाऱ्याने फडफडून खालची धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर घासते. छताखाली असेल तर साधं सुती किंवा हवा खेळती राहणारं कव्हर पुरतं. उघड्यावर असेल तर आतून मऊ अस्तर असलेलं, पाणी अडवणारं पण वाफ बाहेर सोडणारं कव्हर घ्या आणि पोटाखालून पट्ट्यांनी बांधा. वायपरचं रबर काचेला चिकटू नये म्हणून खाली सुती कापडाची पट्टी घाला. विद्युत गाडी असेल तर मुख्य बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवा, शंभर टक्के भरून किंवा जवळजवळ रिकामी ठेवून जाऊ नका. 12 व्होल्टची छोटी बॅटरी तिच्यातही असते आणि ती उतरली की दारही उघडत नाही, तेव्हा पुस्तिकेतल्या सूचना वाचा.

कागद आणि किल्ली

विमा तुम्ही नसताना संपत असेल तर जाण्याआधीच नूतनीकरण करा. मुदत संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. पुराचं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत सहसा येतं, पण पाण्यात बुडालेली गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन गेलं तर ते इंजिन संरक्षणाचं जोडकलम असल्याशिवाय मिळत नाही. उंदरांनी केलेल्या नुकसानाबद्दल प्रत्येक कंपनीचं धोरण वेगळं, ते ईमेलने लेखी विचारून ठेवा. पीयूसीची तारीख बघा. फास्टॅगचा वार्षिक पास घ्यायचा विचार असेल तर परतल्यावर घ्या, गाडी उभी असली तरी त्याचं वर्ष चालूच राहतं. गाडीला 15 वर्षं पूर्ण होत असतील तर नोंदणीचं नूतनीकरणही आधीच.

एक किल्ली शेजारी किंवा भावाकडे द्या, मूळ कागद गाडीत ठेवू नका. किल्लीबरोबर चार ओळींची चिठ्ठी द्या: हँडब्रेक सोडलेला आहे, ठोकळे आहेत, बॅटरीची तार काढली आहे, पाणी आलं तर गाडी सुरू न करता ढकलून किंवा टो करून हलवा. गाडी फक्त वाहनपरवाना असलेल्यानेच चालवायची, हेही लिहा. नातेसंबंधात हे सांगायला अवघड वाटतं, पण अपघात झाला तर मालक म्हणून प्रश्न तुम्हालाच विचारले जातात. पंधरा दिवसांनी एकदा चक्कर मारून टायर, गाडीखालचा कागद, कव्हरची आतली बाजू आणि काळ्या लेंड्या बघा, एवढंच त्यांना सांगा.

उलट्या दिशेने जाणाऱ्यांसाठी

टोरांटो किंवा मिनियापोलिसहून डिसेंबरात लग्नसराईसाठी इकडे येणाऱ्या मराठी मंडळींचं गणित वेगळं. तिथे कूलंटचं प्रमाण निम्मं-निम्मं असायला हवं, ते साधारण उणे 37 अंशांपर्यंत टिकतं. पूर्ण चार्ज बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे 7-10 अंशांतच गोठून खोकं फुटतं, म्हणून निघण्याआधी पूर्ण चार्ज करून तार काढा किंवा चार्जरवर ठेवा. रस्त्यावरचं मीठ खालून धुवा, काच धुण्याच्या टाकीत थंडीत गोठणारं उन्हाळी पाणी ठेवू नका. उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात तारेची लोकर कोंबतात, ती काढायची आठवण स्टिअरिंगवर चिकटवून ठेवा. हँडब्रेक, टायर, टाकी हे सगळं इथल्यासारखंच.

परत आल्यावर

विमानतळावरून आल्या-आल्या किल्ली फिरवू नका. दुसऱ्या दिवशी उजेडात जा.

कव्हर काढायच्या आधी गाडीखाली बघा, ऑइल किंवा कूलंटचा डाग आहे का. बॉनेटवर दोन थापा मारा, मिनिटभर थांबा, मग उघडा आणि टॉर्चने सगळीकडे बघा. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. एअर फिल्टरचा डबा उघडा. लेंड्या किंवा गादी सापडली तर कोरड्या झाडूने झटकू नका, उंदरांच्या घाणीतून आजार पसरू शकतात. हातमोजे घालून, जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवून मग पुसा. वायर कुठे सोललेली दिसली तर तिथेच थांबून मेकॅनिकला बोलवा, बॅटरी जोडू नका.

सगळं ठीक असेल तर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल बघा, हवा भरा, बॅटरी जोडा. मल्टिमीटर असेल तर मोजा: 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. जंप स्टार्ट द्यायचा झाला तर लाल तार उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या वजाला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब.

इंजिन सुरू झाल्यावर रेस करू नका. ऑइलच्या दाबाचा दिवा विझला का बघा आणि एक-दोन मिनिटं तसंच राहू द्या. ठोकळे काढा, हळू पुढे घ्या, लगेच ब्रेक दाबून बघा. डिस्कवर तांबूस गंज असेल तर पहिल्या काही ब्रेकला खरखर येते आणि मग जाते. चाक जाम वाटलं तर हळूच पुढे-मागे करून बघा. तरी सुटलं नाही तर जोर न करता मेकॅनिकला बोलवा, तो चाक काढून ड्रमवर हातोड्याचे चार ठोके मारून सोडवतो. पहिले दहा-पंधरा किलोमीटर टायर चपटे झाल्याने स्टिअरिंग थोडं थरथरतं, टायर तापले की ते थांबायला हवं. त्यानंतरही थरथर राहिली तर टायर दाखवून घ्या. टाकी निम्मी झाली की ताजं पेट्रोल भरा, आणि गिअर, ब्रेक, एसीचा वास यातलं काही खटकलं तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधीच गाडी गॅरेजला दाखवा.